सायकलीच्या गिअरची तार

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास इंदापूर तालुका आहे. एका अंगास भीमा आणि दुसऱ्या अंगास नीरा, अशा दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. पाऊस मूळचाच कमी. परंतु नीरेच्या डाव्या कालव्यानें आणि १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणानें तालुक्याचें रूप पुष्कळ पालटलें. जेथें पूर्वीं ज्वारीचें एक पीक कसेंबसें हातीं यावें, तेथें आज कित्येक रानांत ऊस उभा असतो. याच तालुक्यांत वरकुटें या नांवाचीं दोन गांवें आहेत. एक खुर्द आणि दुसरें बुद्रुक. उन्हाळ्यांत धूळ, पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल आणि गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्यांची रांग, असे या भागांतले आडरस्ते. या रस्त्यांनीं शाळेस जाणाऱ्या मुलामुलींच्या हातीं अलीकडे साध्या सायकलीच्या जोडीला गिअरची सायकलही दिसूं लागली आहे. कोणी ती बारामतीच्या किंवा इंदापूरच्या दुकानांतून घेतो. कोणाकडे ती पुण्याच्या नातलगांकडून येते. शहरांतला मुलगा मोठा झाला, सायकल जिन्याखालीं पडून राहिली, तेव्हां गांवच्या भाचीस ती उपयोगीं पडेल अशा भावनेनें ती धाडलेली असते.

अशा सायकलीची पुढील हकीकत बहुधा ठरलेली असते. पहिलें वर्ष बरें जातें. मग गिअर बदलतांना साखळी अडखळूं लागते. खटका दाबला तरी कांहीं होत नाहीं, आणि चार पावलांनंतर, नको तेव्हां, साखळी धाडकन् दुसऱ्या चक्रावर उडी घेते. सायकल गांवच्या दुकानीं जाते. तेथला कारागीर पंक्चर काढण्यांत, चाकाचा वांक काढण्यांत, पायंडलाची खुंटी बसविण्यांत निष्णात असतो; पण त्याचा हात साध्या सायकलीवर बसलेला. तो गिअरचे दोन-चार स्क्रू इकडेतिकडे फिरवून पाहतो. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर साखळी एका चक्रावर कायमची बांधून टाकतो. "गिअरच्या सायकली नाजूक असतात, आपल्या रस्त्याला टिकत नाहींत," असा निकाल लागतो. सायकल गोठ्याच्या भिंतीस टेकते, आणि मुलगी पुन्हां एस. टी.च्या वेळेकडे डोळे लावून बसते.

हा निकाल बहुतेक वेळां चुकीचा असतो. बिघाड गिअरांत नसतो. तो असतो गिअर हलविणाऱ्या तारेंत. ही तार सायकलीच्या सर्वांत स्वस्त भागांपैकीं एक. ती बदलण्यास पाऊण तास पुरतो आणि हत्यारें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं लागतात. एवढ्याशा वस्तूपायीं चांगली सायकल मोडींत जावी आणि तिच्याबरोबर एखाद्या मुलीचें रोजचें स्वातंत्र्यही जावें, ही गोष्ट खेदाची खरी. म्हणून त्या तारेचें काम थोडें समजून घेणें अगत्याचें आहे.

येथें एक शंका संभवते. इंदापूरकडील मुलूख म्हणजे कांहीं सह्याद्रीचा घाट नव्हे. मग तेथें गिअर हवाच कशाला? ज्यानें आषाढांत त्या माळावरून पश्चिमेकडे तोंड करून सायकल हांकली आहे, तो ही शंका काढणार नाहीं. तेथें समोरून येणारा वारा हाच घाट असतो. शिवाय रस्त्यावरचा फुफाटा, कालव्याच्या पुलाचा चढ आणि मागच्या कॅरिअरवरचा दप्तराचा किंवा वैरणीचा भार हींही आहेतच. बाजारांत सामान्यतः मिळणाऱ्या एकवीस गिअरांच्या सायकलीस पायंडलापाशीं तीन आणि मागच्या चाकास सात दांतेरी चक्रें असतात. पुढच्या ४२ दांतांच्या चक्रावरून मागच्या १४ दांतांच्या चक्रावर साखळी असली, तर पायंडलाच्या एका फेऱ्यांत चाक तीन वेळां फिरतें आणि सायकल सहा मीटरांवर पुढें जाते. तीच साखळी पुढें २४ आणि मागें २८ दांतांवर असली, तर चाकाचा एक फेराही पुरा होत नाहीं. सायकल पावणेदोन मीटरांच्या आसपास सरकते. पहिल्या योगांत वेग आहे, दुसऱ्यांत बळ आहे. वारा, चढ आणि भार पाहून यांतून निवड करणें, हाच गिअरचा सारा अर्थ. साखळी ४२ आणि १४ वर बांधून टाकलेली सायकल वाऱ्यांत चालविणें म्हणजे पायांवर निष्कारण जुलूम होय.

आतां ही निवड अंमलांत कशी येते तें पाहूं. मागच्या चाकाच्या आंसाजवळ, उजव्या बाजूस, एक लहानसें सांध्यांचें यंत्र लोंबत असतें. त्यास डिरेलर म्हणतात. साखळीला एका चक्रावरून उचलून शेजारच्या चक्रावर टाकणें हें त्याचें काम. त्यांत एक स्प्रिंग असते. ती डिरेलरला सदैव बाहेर, म्हणजे सर्वांत लहान चक्राकडे, ढकलीत असते. उलट दिशेनें, मोठ्या चक्राकडे, त्यास ओढून नेणारी तीच आपली तार. हँडलावरचा खटका दाबला कीं तार ओढली जाते आणि साखळी मोठ्या चक्रावर चढते. खटका सोडला कीं तार सैल होते आणि स्प्रिंग साखळीस लहान चक्रावर आणते. थोडक्यांत, चढविणारा अंगठा आणि उतरविणारी स्प्रिंग, या दोघांच्या ओढाताणींत तार ही मध्यस्थ आहे. हें सूत्र ध्यानीं ठेवल्यास पुढें दोष ओळखणें सोपें जाईल.

तारेनें ओढ वळणावळणानें नेण्याची ही युक्ति अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांच्या नांवानें ओळखली जाते. त्यांनीं तिचें पेटंट इंग्लंडमध्यें १८९६ सालीं घेतलें. नुसती तार सरळ रेषेंतच ओढतां येते. परंतु ती एखाद्या लवचीक, पण लांबीनें न आखडणाऱ्या नळींतून नेली, तर हँडल कसेंही वळो, एका टोंकाची ओढ दुसऱ्या टोंकास जशीच्या तशी पोंचते. म्हणून तार आणि तिचें आवरण हीं एकाच अवयवाचीं दोन अंगें समजावीं. तार नवी आणि आवरण जुनें, अशी काटकसर बहुधा अंगाशीं येते.

गिअरच्या तारेवरची जबाबदारी १९८४ सालापासून फार वाढली. तत्पूर्वीं गिअरची दांडी हातानें हवी तितकी सरकवून, साखळीचा आवाज ऐकून, स्वार आपल्या अदमासानें गिअर लावीत असे. तार थोडी सैल असली तरी हात ती उणीव भरून काढी. १९८४ सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें प्रत्येक गिअरला एक ठराविक खटका असलेली रचना पुढें आणली, आणि पुढें तीच सर्वत्र रूढ झाली. आज गिअरच्या सायकलीवर 'टक्' असा जो आवाज होतो तो या रचनेचा. ती सोयीची खरी. पण सोयीबरोबर काटेकोरपणाही आला. सात चक्रांच्या प्रचलित रचनेंत एका खटक्यासरशीं तार सुमारें ३ मिलिमीटर ओढली जाते आणि डिरेलर सुमारें ५ मिलिमीटर, म्हणजे शेजारच्या चक्राच्या नेमकें खालीं, सरकतो. याचा अर्थ असा कीं, तारेंतला १ मिलिमीटरचा ढिलेपणा चक्रापाशीं पावणेदोन मिलिमीटरांच्या जवळ जातो. दोन चक्रांमधल्या वाटेचा हा तिसरा हिस्सा झाला. साखळी मग या चक्राचीही राहत नाहीं आणि त्या चक्राचीही होत नाहीं. जाड नखाएवढी चूक आणि सबंध सायकल निकामी, असा हा हिशेब आहे.

ही तार बिघडते कशी? पहिलें कारण धूळ. मागच्या डिरेलरपाशीं आवरणाचें एक अर्धवर्तुळाकार वळण असतें. तें जमिनीजवळ, चाकाच्या मागें, धुळीच्या आणि चिखलाच्या ऐन माऱ्यांत असतें. काळ्या मातीचा बारीक कण पाण्याबरोबर नळींत शिरतो, वाळतो आणि तेथेंच घट्ट बसतो. दुसरें कारण गंज. तिसरें कारण तारेचें तुटणें. गिअरची तार म्हणजे एक सलग तार नव्हे. बहुधा १९ बारीक तारांचा तो पीळ असतो. खटक्याच्या आंत तारेचें डोकें जेथें अडकविलेलें असतें, तेथें ती लहानशा कप्पीवर पुन्हां पुन्हां वांकते, आणि एकेक बारीक तार तुटूं लागते. हा प्रकार झांकणाखालीं चालतो, म्हणून कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. शेवटीं तार तेथेंच तुटते आणि डोकें खटक्यांत अडकून बसतें. मग तें काढणें जिकिरीचें होतें. चौथें कारण मात्र मनुष्यनिर्मित आहे. तार जड झाली कीं तींत घरचें खोबरेल सोडण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. थंडीच्या दिवसांत बाटलींतलें खोबरेल गोठतें, हें प्रत्येक घरीं ठाऊक असतें. तेंच नळींतही गोठतें, आणि उन्हाळ्यांत धुळीशीं कालवून त्याचा चिकटा होतो. क्षणभर बरें वाटावें आणि रोग मात्र वाढावा, अशांतला हा उपाय.

दोष तारेचाच आहे हें ओळखण्यास वर सांगितलेलें सूत्र कामास येतें. साखळी मोठ्या चक्रावर ठीक चढते, परंतु लहान चक्रावर उतरतांना रेंगाळते, असें झाल्यास तार नळींत अडते आहे असें समजावें. कारण अंगठ्याचा जोर त्या अडथळ्यास पुरून उरतो, पण बिचाऱ्या स्प्रिंगचा उरत नाहीं. उलट, उतरतांना ठीक आणि चढतांना कुचराई, असें असेल तर तार नुसती सैल पडली आहे; ती बदलण्याची गरज नाहीं, ताण वाढविला म्हणजे भागतें. सायकल उजव्या अंगावर पडल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल, तर डिरेलर ज्या कानाला टांगलेला असतो तो वांकला असण्याचा संभव अधिक. मागें उभें राहून पाहावें. डिरेलर चक्रांच्या रेषेंत सरळ लोंबत नसेल तर तेथें नव्या तारेनें कांहीं साधणार नाहीं. आवरणाच्या टोंकांशीं चिरा, तारेवर तांबूस डाग, किंवा एखादी बारीक तार बाहेर डोकावत असल्यास मात्र विचार करीत बसूं नये. तार आणि आवरण दोन्ही बदलावीं.

खरेदी करतांना दुकानदाराकडे 'गिअरची वायर' असें स्पष्ट सांगून मागावी. ब्रेकची तार जाड, दीड मिलिमीटरची किंवा त्याहून किंचित अधिक, आणि तिचें डोकें मोठें. गिअरची तार १.२ मिलिमीटरच्या आसपास आणि तिचें डोकें लहान. आवरणांतला भेद तर याहून महत्त्वाचा आहे. ब्रेकच्या आवरणांत पोलादी पट्टीचें वेटोळें असतें. ओढ लागली कीं तें किंचित आखडतें. ब्रेकला त्यानें बिघडत नाहीं, परंतु मिलिमीटरावर चालणाऱ्या गिअरला बिघडतें. म्हणून गिअरच्या खास आवरणांत तारा उभ्या, लांबीच्या दिशेनें बसविलेल्या असतात. मात्र याच कारणानें तें आवरण ब्रेकला चुकूनही लावूं नये. ब्रेकचा जोर फार मोठा. त्या जोरानें उभ्या तारांचें आवरण फुटूं शकतें, आणि ऐन वेळीं ब्रेक हातचा जातो. यासोबत आवरणाच्या टोंकांसाठीं चार-सहा टोप्या आणि तारेच्या शेवटास एक लहान टोपी घ्यावी.

हत्यारें म्हणाल तर डिरेलरच्या बोल्टाला बसणारा पाना, लहान पेचकस, तार कापण्याची धारदार कात्री-पक्कड, एक टोच्या आणि कानस. साध्या बोथट पकडीनें आवरण कापलें असतां तें चेपतें, आणि तार आंत शिरतांनाच अडते. पकडीऐवजीं सायकलच्या दुकानांतून तेवढें कापून आणलेलें बरें.

प्रथम खटका अशा स्थितींत आणावा कीं साखळी सर्वांत लहान चक्रावर येईल. तेव्हां तार सर्वांत सैल असते. डिरेलरवर तार दाबून धरणारा बोल्ट ढिला करण्यापूर्वीं ती त्याच्या कोणत्या बाजूनें आणि कोणत्या खांचेंतून जाते तें नीट पाहून ठेवावें. ही बाजू बदलली तर ओढीचें प्रमाण बदलतें, आणि नंतर कितीही खटपट केली तरी गिअर जुळत नाहीं. बोल्ट सोडून तारेच्या शेवटचा विसकटलेला भाग कापावा आणि तार हँडलाकडे ढकलावी. खटक्यावर लहानसें झांकण किंवा भोंक असतें. त्यांतून तारेचें डोकें बाहेर येतें. तार ओढून काढावी. जुनें आवरण फेकूं नये; नवें कापण्यास तेंच माप.

नवें आवरण जुन्याच्याच लांबीचें कापावें. लहान पडलें तर हँडल वळतांना ताण बसतो. फार मोठें झालें तर वळणें वाढून तार जड होते. कापलेलें टोंक कानशीनें सपाट करावें, आंतील प्लॅस्टिकच्या नळीचें मिटलेलें तोंड टोच्यानें हलकेच उघडावें आणि मग टोपी बसवावी. घाईनें काम करणारे बहुधा याच पायरीला फांटा देतात, आणि नवी तारही जुन्यासारखीच चालते अशी तक्रार करतात. आतां नवी तार खटक्यांतून घालून एकेका आवरणांतून ओवावी. ती जमिनीवर लोळूं देऊं नये; तिला मुरड पडूं देऊं नये; आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ती ओवून, घट्ट करून होईपर्यंत कापूं नये, कारण कापलेलें टोंक विसकटतें आणि मग नळींत शिरत नाहीं. प्लॅस्टिकचें अस्तर असलेल्या आवरणास वंगण लागत नाहीं म्हटलें तरी चालेल. फार तर पातळ तेलाचा एखादा थेंब. घट्ट ग्रीस आपण होऊन धुळीस आमंत्रण देतें.

तार बोल्टाखालीं घालण्यापूर्वीं डिरेलर मोकळा असतांनाच मागून एकदां पाहावें. त्याची वरची लहान चकती सर्वांत लहान चक्राच्या नेमकी खालीं असली पाहिजे. तशी असली तर 'एच' आणि 'एल' अशा खुणांच्या दोन स्क्रूंना हात लावण्याचें कांहीं कारण नाहीं. हे स्क्रू म्हणजे गिअर जुळविण्याचीं साधनें नव्हेत. त्या डिरेलरच्या हद्दी आहेत. 'एच' त्याला बाहेर पडूं देत नाहीं, 'एल' त्याला चाकाच्या आऱ्यांत शिरूं देत नाहीं. तारेचा दोष झांकण्यासाठीं 'एल'चा स्क्रू मोकळा करणें हा सर्वांत घातक उपाय होय. चढावर, अगदीं हळू गिअरांत, डिरेलर आऱ्यांत अडकला तर चाक जागच्या जागीं थांबतें आणि स्वार खालीं येतो.

हें पाहून झाल्यावर, तारेच्या टोंकाशीं ताण कमीजास्त करण्यासाठीं जी फिरती गुंडी असते, ती पुरी आंत फिरवून नंतर एक-दोन फेरे बाहेर घ्यावी. तार हातानें ताणून धरून बोल्ट घट्ट करावा. मग सायकलीच्या दांडीलगतची उघडी तार दोन-तीन वेळां जोरानें बाहेर ओढावी. नवी तार वापरानें लांबते असें म्हणतात. वस्तुतः बहुतेक वेळां आवरणाच्या टोप्याच आपापल्या जागीं बसत असतात, आणि हें बसणें आधींच करून घेतलें म्हणजे पुढें आठवड्यानें गिअर बिघडत नाहीं. ढिलेपणा आला असल्यास बोल्ट सोडून तार पुन्हां ताणावी.

शेवटीं मागचें चाक उचलून धरण्यास घरांतील कोणास सांगावें, पायंडल फिरवीत राहावें आणि एकेक खटका दाबावा. साखळी मोठ्या चक्रावर चढण्यास कचरली तर गुंडी पाव फेरा बाहेर. उतरण्यास कचरली तर पाव फेरा आंत. अशा रीतीनें सातही चक्रें चढतां-उतरतां बिनतक्रार लागलीं म्हणजे तारेचा जास्तीचा भाग चार-पांच सेंटिमीटर ठेवून कापावा आणि शेवटास टोपी चेपून बसवावी. पुढच्या तीन चक्रांची तार हँडलाच्या डाव्या खटक्याकडून येते. तिचीही रीत हीच.

अलीकडे शर्यतीच्या महाग सायकलींवर तारेचें हें काम विजेच्या लहान मोटारींकडे गेलें आहे. २००९ सालीं शिमानोनें अशी रचना बाजारांत आणली, आणि पुढें वायर मुळींच नसलेले प्रकारही निघाले. परंतु शाळेस जाणाऱ्या मुलांच्या सायकलीवर अद्याप तारेचेंच राज्य आहे, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. विजेचें यंत्र बिघडलें तर तें कारखान्याकडे धाडावें लागतें. तार घरच्या ओसरीवर बदलतां येते.

शहरांतील कुटुंबांनीं जिन्याखालची सायकल गांवीं धाडतांना एवढें केलें तर पुष्कळ झालें: धाडण्यापूर्वीं तिच्या तारा आणि आवरणें बदलून घ्यावीं, एक जादा तार बरोबर द्यावी, आणि ती बदलतांना घेणाऱ्या मुलीस शेजारीं बसवावें, नव्हे, पाना तिच्याच हातीं द्यावा. नुसती सायकल वर्षभर चालेल. सायकल आणि तिची तार बदलण्याची विद्या हीं दोन्ही बरोबर गेलीं, तर ती मुलगी पुढच्या आषाढांतही समोरच्या वाऱ्याला न जुमानतां वेळेवर शाळेस पोंचेल.